ताटाच्या डाव्या बाजूची वाइन

ट्रुगानिना (मेलबर्न), शुक्रवार

वाइन चाखायला निघालेल्या गाडीच्या डिकीत काय काय असावं? आमच्या डिकीत पोळपाट-लाटणं होतं, तीन किलो लहान वांगी होती, ओल्या पंच्यात गुंडाळलेली अळूची पानं, गोड्या मसाल्याची बरणी, शंकरपाळ्यांचा मोठा डबा आणि स्टीलची चौदा ताटं होती. ताटं प्रत्येक वळणावर वाजत होती आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या सुमनकाकू दर वेळी मागे वळून म्हणत होत्या, “जरा हळू रे समीर.”

काकू वाइन पीत नाहीत. तेव्हा आधीच सांगून टाकतो, की इटलीतल्या टस्कनीच्या वाइन चाखण्याच्या या प्रवासात दोनपैकी एका प्रवाशाने थेंबही तोंडात घेतला नाही. दुसरा प्रवासी म्हणजे मी. मूळचा डोंबिवलीचा, शिकायला म्हणून इथे आलो त्याला सोळा वर्षं झाली. एका गोदामात कुठला माल कुठल्या ट्रकने जायचा ते ठरवतो, आणि चार शनिवारांचा वाइनचा कोर्स केल्यापासून मित्रांना उगाच नको तेवढी माहिती देतो.

सुमनकाकू माझ्या मित्राची, अजिंक्यची, आई. काका गेल्यावर चार वर्षांपूर्वी पुण्याहून इथे कायमच्या राहायला आल्या. आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त सहा घरं आहेत, आणि काकूंच्या हातचा डबा न मागता माझ्याकडे येतो. या सगळ्याची सुरुवात त्या डब्यानेच झाली.

मेलबर्नपासून तीनेक तासांवर किंग व्हॅली म्हणून डोंगरांमधलं एक खोरं आहे. इटलीहून आलेल्या कुटुंबांनी तिथे आधी तंबाखू लावला आणि तंबाखूचे दिवस सरल्यावर द्राक्षं लावली, तीही आपापल्या मुलखाची. त्यातल्या एका मळ्याच्या मालकिणीचे, लूसियाचे, आईवडील टस्कनीतल्या सिएनाजवळच्या खेड्यातून आले, म्हणून तिच्या मळ्यात सांजोवेझे. टस्कनीची बहुतेक नावाजलेली रेड वाइन होते ती या द्राक्षाची. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो आणि दुपारी बाहेरच्या बाकावर काकूंचा डबा उघडला. वासाने लूसिया बाहेर आली. मी दिलेलं अर्धं भरलं वांगं तिने उभ्यानेच खाल्लं, आत जाऊन आपल्या वाइनचा ग्लास घेऊन आली, उरलेलं अर्धं त्याच्यासोबत खाल्लं आणि विचारलं, “हे कोणी केलं?”

लूसिया महिन्यातल्या एका रविवारी मळ्यात जेवण ठेवते. चौदा पाहुणे, टस्कनीच्या आणि तिच्या स्वतःच्या वाइन, आणि त्यांना जुळेल असं जेवण. तिचा स्वयंपाकी क्वीन्सलँडला निघून गेला होता. तिने निरोप धाडला, की काकूंनी एका रविवारी करून दाखवावं. जमलं तर दर महिन्याचं काम त्यांचं.

काकूंना ते काम हवं होतं. तसं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, पण मला दिसत होतं. पंधरा दिवसांत त्यांनी भरली वांगी पाच वेळा केली. अजिंक्यकडून इंग्रजीत मेन्यू लिहून घेतला, खाली स्वतःचं नाव घालायला लावलं, मग “राहू दे, कशाला” म्हणून खोडायला लावलं. अजिंक्यला हे सगळं गंमत म्हणून चाललंय असं वाटत होतं. आम्ही निघताना तो म्हणाला, “आई, एकदा करून ये, मजा कर. बाकी तुला काय गरज आहे? रिलॅक्स कर ना.”

“चार वर्षं रिलॅक्सच करतेय,” काकू गाडीत मला म्हणाल्या. “भांडी मशीन घासतं. कपडे मशीन वाळवतं. नातीची वेणी घालायला जावं तर ती म्हणते, आजी, आय गॉट इट. मग मी काय करायचं?” मी ताटं वाजू नयेत म्हणून गाडी आणखी हळू केली.

किंग व्हॅली, शनिवार

सकाळी खोलीची खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हतं. नुसतं धुकं. नऊच्या सुमाराला ते हळूहळू वर गेलं आणि खालून एकेक गोष्ट दिसायला लागली: आधी नदीकाठची गवतं, मग पिवळीधमक पॉपलरची झाडं, मग टेकडीवर चढत गेलेल्या वेलींच्या रांगा. एप्रिल म्हणजे इथला पानगळीचा महिना. निलगिरीची झाडं बाराही महिने तशीच मळकट हिरवी असतात, त्यांना ऋतूचं काही देणंघेणं नसतं. वेलींची पानं मात्र हळदीपासून विटकरीपर्यंत सगळ्या रंगांत होती. द्राक्षं कधीच उतरवून झाली होती. मध्ये मध्ये तंबाखू वाळवायच्या जुन्या पत्र्याच्या उंच खोल्या उभ्या होत्या, आणि पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा त्यांच्यावर बसून कर्कश भांडत होता.

लूसिया साठीच्या आसपासची. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. बूट चिखलाने भरलेले, आवाज मोठा, वाक्यं छोटी. तिची आई असुंता नव्वदीची आहे, आणि साठहून अधिक वर्षं इथे राहून तिने स्वयंपाकघरापुरती टस्कनी तशीच्या तशी ठेवली आहे. तिचं इंग्रजी काकूंच्या इंग्रजीइतकंच. त्यामुळे दोघींचं फार छान जमलं.

असुंताने आम्हाला नाश्त्याला घरचा पाव दिला, भाजून, लसूण चोळून, वर तेलाची धार. मी घास घेतला आणि गोंधळलो. पाव अळणी होता. मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. म्हातारी मीठ विसरली, असं समजून आम्ही दोघंही सज्जनपणे खात राहिलो. लूसिया ते पाहून हसायला लागली. टस्कनीचा पाव अळणीच असतो म्हणे. कोणी सांगतं, कधीकाळी मिठावर जबर कर होता म्हणून. असुंताचं म्हणणं साधं होतं. चीज खारट, सॉसेज खारट, मग पावाने कशाला खारट व्हायचं? काकूंना हे लगेच पटलं. “आपल्या भाकरीत तरी कुठे असतं? ठेच्यात असतं की.” मी भाषांतर केल्यावर असुंताने काकूंच्या हातावर चापट मारून आणखी एक तुकडा वाढला.

अकरा वाजता लूसियाने लांब टेबलावर ग्लास मांडले. उद्याच्या जेवणात कशासोबत काय द्यायचं ते ठरवायचं होतं. पहिली वेर्नाच्चा, टस्कनीतली व्हाइट वाइन. मग लूसियाची स्वतःची सांजोवेझे. मग ब्रुनेल्लो, तीही सांजोवेझेचीच, पण सिएनाजवळच्या टेकडीवरची आणि बरीच वर्षं पिंपात मुरलेली. शेवटी विन सांतो, वाळवलेल्या द्राक्षांची, रंगाने मधासारखी.

मी वही काढली. ग्लास फिरवला, नाक घातलं, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे टेबलावरच्या बादलीत थुंकलो.

“अरे!” काकू उठून उभ्याच राहिल्या. “जेवायच्या टेबलावर थुंकतोस?”

“काकू, असंच करतात. नाहीतर चढते.”

“मग घेऊ नये. थुंकायचं काय?” त्यांनी बादली उचलून टेबलाखाली ठेवली. लूसियाने ती पुन्हा वर ठेवली नाही. पुढचे तीन प्रकार मला गिळावे लागले.

वहीत मी सांजोवेझेपुढे लिहिलं: ब्लॅक चेरी, लेदर, थोडा टोबॅको. आता हे सगळं मी पुस्तकातून उचललेलं. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाने चेरी पाहिली ती केकवरची, आणि तीसुद्धा पाकात रंगवलेलं करवंद असतं हे पुढे केव्हातरी कळलं. काकूंनी ग्लास हातात घ्यायलाही आढेवेढे घेतले, पण लूसिया म्हणाली, नुसता वास घे. काकूंनी डोळे मिटले. भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या जुडीचा घेतात तसा, झटकन आणि खोल, एकच वास घेतला.

“आमसुलं,” त्या म्हणाल्या. “भिजत घातलेली. आणि टोमॅटोच्या झाडाचं पान चुरडल्यावर येतो ना, तो हिरवट वास.”

मी पुन्हा नाक घातलं. आमसूल होतं. टोमॅटोचं पान होतं. मी चेरी खोडली.

ब्रुनेल्लोला त्या म्हणाल्या, “कपाटात राहिलेले मनुके. आणि कात.” त्या नुसत्या वास घेऊन सांगत गेल्या, मी भाषांतर करत गेलो आणि लूसिया मेन्यूच्या मागे लिहीत गेली. व्हाइटला अळूवडी, कारण तिला तेलकट-कुरकुरीत काहीतरी हवं. सांजोवेझेला भरली वांगी, “हिला दाण्याचं कूट सोसेल, पण चिंच नको, हिची स्वतःची आंबट आहे.” ब्रुनेल्लोला काळ्या वाटाण्याची उसळ, खोबरं भाजून. लूसियाने सांगितलं, की भारतीय जेवण म्हटलं की सगळे तिखट कालवणाचा आणि गोडसर व्हाइट वाइनचा विचार करतात. हा भाजक्या, सुवासिक, फारसा तिखट नसलेला मसाला तिला नवीनच होता. मला तर कोर्सचे पैसे परत मागावेत असं वाटलं.

विन सांतोसोबत असुंताने बदामाची कडक बिस्किटं आणली. ती वाइनमध्ये बुडवून खायची. काकूंपुढे बशी आली, तशा त्या म्हणाल्या, “नो, नो. फुल.” असुंताने बशी पुढे ढकलली. काकूंनी पोटावर हात ठेवला. असुंताने दोन बिस्किटं उचलून सरळ त्यांच्या हातात दिली आणि वाइनऐवजी दूध आणून ठेवलं. काकूंनी हसत हसत चार खाल्ली. दुपारी मला म्हणाल्या, “ही माणसं अगदी आपल्यासारखी आहेत रे. आग्रह करतात.”

संध्याकाळी मात्र माझं डोकं फिरलं. काकूंनी डिकीतून ताटं काढून पुसायला घेतली होती, आणि मला ती स्टीलची ताटं, वाट्या, त्या पंगतीचा थाट त्या सुंदर लाकडी टेबलावर दिसेना. मी म्हटलं, “काकू, ही वाइनरी आहे. इथे एकेक कोर्स, म्हणजे एका वेळी एकच पदार्थ, येतो. मोठी पांढरी प्लेट, मध्ये दोन वांगी, बाजूला रस्सा थोडासा ओढलेला. बाकी पसारा नको.”

“पसारा म्हणजे?”

“चटणी, कोशिंबीर, लिंबू, ते सगळं डावीकडचं. लोक गोंधळतात.”

काकूंनी हातातल्या ताटाकडे पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “तुला इथलं जास्त कळतं.” आणि ताटं पुन्हा पिशवीत भरली.

रविवार, दुपारचं जेवण

काकू स्वयंपाक करताना चव घेत नाहीत. त्यांच्या माहेरी स्वयंपाकाचा पहिला घास देवाला, मग वाढणं. उष्टं करायचं नाही. त्यामुळे इतकी वर्षं त्यांचा हात आणि नाक यांच्यावरच सगळं चालतं. लूसियाला हे कळलं तेव्हा ती हातातला चमचा धरून तशीच उभी राहिली. “चौदा माणसांचं जेवण, आणि एकदाही चाखणार नाही?” “नो टेस्टिंग,” काकू ठामपणे म्हणाल्या, आणि लूसियाच्या बरणीतून मूठभर मीठ घेऊन वांग्यांवर घातलं.

बाराला पाहुणे आले. मेलबर्नची दोन डॉक्टर जोडपी, बाजूच्या मळ्यातली माणसं, एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, असे चौदा. असुंता टेबलाच्या टोकाला खुर्चीत बसली होती. अळूवडी आणि व्हाइट वाइन झकास गेली. मास्तरांनी तिसरी वडी मागून घेतली. मी वेटरसारखा टॉवेल हातावर टाकून फिरत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

मग वांगी आली. पांढऱ्या प्लेटच्या मध्यावर दोन, देठ वर, चमच्याच्या पाठीने रस्सा ओढलेला, कोथिंबिरीचं एक पान. फोटो निघाले. ग्लास भरले. लोकांनी खाल्लं, घोट घेतला आणि टेबल शांत झालं.

शांततेचेही प्रकार असतात. ही चांगली नव्हती. मास्तर आपल्या बायकोला हळूच म्हणाले, “वाइन जरा कडक आहे, नाही?” एका डॉक्टरीणबाईंनी ग्लास उजेडात धरून पाहिला. लूसियाने स्वतःच्या प्लेटमधला घास खाल्ला, घोट घेतला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ती तिची स्वतःची वाइन होती, वर्षभर राबून केलेली.

मी आत जाऊन कढईतलं वांगं चाखलं. अळणी. मसाला होता, कूट होतं, गूळ होता आणि मीठ जवळजवळ नव्हतं. वर वाइनचा घोट घेतला. काल आमसुलासारखी वाटलेली ती वाइन आता फार वेळ उकळलेल्या चहासारखी कडू आणि तुरट लागत होती. गूळ तेवढा पुढे आला होता आणि त्याने वाइनचा सगळा रागच बाहेर काढला होता. मी मिठाच्या बरणीत हात घातला तेव्हा कळलं. आत पापुद्र्यांचं मीठ होतं, मोठमोठ्या हलक्या पाकळ्या. मूठ भरते, पण त्या मुठीत आपल्या मिठाच्या निम्मंही वजन नसतं.

“काकू,” मी म्हटलं, “वांग्यात मीठ नाही.”

त्या पोळी लाटत होत्या. जराही दचकल्या नाहीत. “कमी पडलं असेल. मी चाखत नाही ना. म्हणून तर ताटात डावीकडे मीठ असतं, लिंबू असतं. ज्याला लागेल तो घेतो. तू वाढलंस ना?”

मी हातातल्या टॉवेलकडे पाहिलं.

“वाढलं नाहीस?”

“तुम्हाला म्हटलं ना काल, पसारा...”

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. काम हातचं चाललं होतं, आणि ते माझ्यामुळे चाललं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथे टॉवेल घेऊन मठ्ठासारखा उभा राहिलो.

मग त्यांनी पदर खोचला. एका वाटीत मीठ घेतलं, एकीत लिंबाच्या फोडी, एकीत ओल्या खोबऱ्याची चटणी, एकीत काकडीची कोशिंबीर. सगळं एका ताटात ठेवून त्या बाहेर गेल्या. कोणाला काही सांगितलं नाही. पंगतीत वाढतात तशा एका टोकापासून निघाल्या, वाकून, प्रत्येक प्लेटच्या वरच्या कडेला मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर. बोलणं थांबलं. सगळे त्यांचा हात बघत होते. प्रत्येक वेळी तोच क्रम, कुठेही घाई नाही. टोकाला असुंता होती. तिने कोणाची वाट न पाहता चिमूटभर मीठ वांग्यावर घातलं, लिंबू पिळलं, घास खाल्ला, ग्लास उचलला, आणि इटालियनमध्ये मोठ्याने काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाली?” मी लूसियाला विचारलं.

“म्हणाली, आता जेवण सुरू झालं.”

मीही चाखलं. मीठ आणि लिंबू लागताच वाइनचा कडवटपणा खाली बसला आणि आमसुलाचा वास परत आला, कालच्यापेक्षा जास्त. असं का होतं ते कोर्समध्ये शिकवलं होतं: जेवण खारट-आंबट झालं की वाइन मऊ लागते. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. टेबलावर आवाज परत आला. मास्तर शेजाऱ्याला शिकवायला लागले, की आधी चटणी, मग वांगं, मग घोट. डॉक्टरीणबाईंनी उलटं करून पाहिलं.

उसळीच्या वेळी मी न बोलता डिकीतून ताटं आणली. मग एकेक कोर्स वगैरे राहिलंच नाही. उसळ, पोळ्या, उरलेल्या वड्या, सगळं एकदम आलं, तिन्ही वाइन टेबलावर राहिल्या आणि प्रत्येक जण आपापल्या जोड्या लावत बसला. शेवटी शंकरपाळी आली आणि असुंताने कोणाच्या सांगण्याशिवाय पहिली शंकरपाळी विन सांतोत बुडवली. लूसियाने काकूंना विचारलं, “सुमन, या ताटात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे. मग वाइनचा ग्लास कुठे ठेवायचा?” मी भाषांतर केलं. काकूंनी थोडा विचार केला आणि ग्लास उचलून डावीकडे, लिंबाच्या वर ठेवला. “पोट भरायला असतं ते उजवीकडे. ही थोडी-थोडी घ्यायची ना? मग ही डावीकडची.”

रविवार, साडेतीन

पाहुणे गेले. लूसिया काकूंजवळ आली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “सुमन, पुढच्या महिन्यापासून हे तुझं. करशील?”

काकूंचा चेहरा फुलला. मला तो स्पष्ट दिसला. आणि त्याच फुललेल्या चेहऱ्याने त्या मान हलवत म्हणाल्या, “नो, नो. यू हॅव गुड कुक्स. व्हाय मी?”

“खरंच नको?”

“नो, नो,” काकू लाजत हसल्या.

“नो वरीज,” लूसिया म्हणाली. “तुझा दिवस छान झाला, तेवढं पुरे.” तिने काकूंना मिठी मारली आणि टेबलाकडे वळली.

आम्ही सामान भरलं आणि निघालो. तीन-चार किलोमीटर काकू मागे वळून मळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “कधी फोन करेल रे ती?”

“कोण?”

“लूसिया. परत विचारायला.”

मी गाडी बाजूला घेतली. “काकू, ती नाही करणार. तुम्ही नाही म्हणालात ना.”

“अरे, पहिल्यांदा विचारल्यावर कोणी हो म्हणतं का? आपण नको म्हणायचं, मग ते म्हणतात असं कसं, यायलाच हवं. त्या असुंताआजीने नाही का, बिस्किटं हातात दिली?”

“आजी तिकडची आहे. लूसिया इथे वाढली. इथे नाही म्हणजे नाही. परत विचारलं तर जबरदस्ती होते.”

त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तू? तुला कळलं नाही? तू तरी म्हणायचंस, अहो येतील त्या.”

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, की त्यांना प्रवास झेपणार नाही, म्हणून त्या नको म्हणाल्या. फुललेला चेहरा पाहूनही मी शब्दच ऐकला होता. माझ्या आईच्या पिढीतली बाई पहिला नकार कशी देते हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. सोळा वर्षांत मी ते विसरून गेलो होतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

“मी मेसेज टाकतो तिला,” मी फोन काढला. “सांगतो, गैरसमज झाला.”

“नको.” मग माझं तोंड बघून म्हणाल्या, “हा नको खरा आहे. गाडी फिरव.”

लूसिया अजून टेबलावरचे ग्लास गोळा करत होती. मी उतरायला लागलो तर काकू म्हणाल्या, “तू इथेच थांब. तू बोलायला लागशील.” मी गाडीच्या दाराशी थांबलो. त्या खडीवरून चपला वाजवत टेबलापर्यंत गेल्या.

“लूसिया. बिफोर, आय सेड नो. दॅट वॉज ओन्ली मॅनर्स.” त्या थांबल्या. हाताने पदराचं टोक घट्ट धरलं होतं. “आय वॉन्ट धिस वर्क. एव्हरी मंथ. आय वॉन्ट.”

लूसियाने ट्रे खाली ठेवला. “मला वाटलं तुला इथे आवडलं नाही,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “लांब पडतं, दर महिन्याला जमेल?”

या प्रश्नावर काकू नेहमी म्हणतात, तुम्हाला बरं पडेल तसं. मी तिथूनच कान देऊन होतो. काकू म्हणाल्या, “येस.”

परतीच्या वाटेवर ऊन तिरकं होऊन वेलींवर आलं होतं. “समीर,” काकू म्हणाल्या, “साठ वर्षांत मी हे कोणाला म्हटलं नव्हतं रे. मला हवंय, असं. आणि म्हटलं, ते इंग्रजीत.”

“छान म्हणालात.”

“इंग्रजीत सोपं गेलं. ती भाषा कुठे माझी आहे?” त्यांनी डोळे पुसले. “आता घरी अजिंक्यला मराठीत सांगायचंय.”

मी रेडिओ बंद केला. हायवेला लागेपर्यंत त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या, थांबत होत्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या. एकदा जरा मोठ्याने म्हणाल्या तेव्हा मला ऐकू आलं: “अजिंक्य, मला हवंय.”